कच्चा माल

प्रिय कानसेन,

कागदावर तुझं हे नाव लिहिलं आणि पुढे दोन दिवस काही सुचलं नाही. बावीस वर्षांत मी ते कुणापुढे उच्चारलेलं नाही. तुझी दोन पत्रं माझ्याकडे आहेत, दोन्ही बिनउत्तराची. पहिल्यात तू माझ्या मुलीच्या तापाची चौकशी केली होतीस. दुसऱ्यात नवा पत्ता कळवला होतास आणि ‘उत्तर आलं नाही, म्हणजे कामात बुडालेला असशील’ असं माझ्या वतीने कारणही देऊन टाकलं होतंस. मी कामात बुडालेलो नव्हतो. मी ती पत्रं टेबलाच्या खणात घातली आणि खणाकडे न बघता जगायची सवय लावून घेतली. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात. ते खरं नाही, पण होते असं दाखवता येतं.

आमचं ठीक चाललंय. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. उजवा गुडघा बोलका झालाय. जिना चढताना एक वाक्य बोलतो, उतरताना दोन. ही ठणठणीत आहे आणि मला सकाळ-संध्याकाळ फिरायला हाकलते. तुझ्या खांद्यावर बसून फाटकापर्यंत यायची ती मुलगी आता शाळेत गणित शिकवते. तिला दोन मुलं आहेत आणि दोघांनाही गणित येत नाही, यावर आम्ही सगळे पोट धरून हसतो. आपल्या कारखान्यापुढचा रस्ता रुंद झाला. कोपऱ्यावरच्या घड्याळजीचं दुकान गेलं, तिथे आता मोबाईलची काच बदलून देतात. वहिनींना माझा नमस्कार सांगायचा की नाही, ते मात्र पत्र संपल्यावर तू ठरव.

मला आठवतोस तो भट्टीच्या कठड्याला टेकून उभा असलेला तू. ते दोन माणसांच्या उंचीचं भांडं, त्यात उतरणारे कार्बनचे तीन काळे खांब आणि तो आवाज. नवा माणूस आला की कानात बोळे घालायचा आणि तू मात्र मान एका बाजूला कलंडवून ऐकत राहायचास. बॉक्साइट, कोक आणि लोखंडाचा कीस सगळेच टाकतात, वीज सगळेच सोडतात; पण खांब कधी वर घ्यायचा, कधी खाली, ते तुला त्या गडगडाटातल्या कुठल्याशा खरखरीवरून कळायचं. मीटरचे काटे बघणारे काटे बघत बसायचे आणि तू ‘आता’ म्हणायचास. म्हणून तुझं नाव कानसेन पडलं. पुढे आळशी लोकांनी त्याचं ‘कानस’ केलं, तेव्हा तू म्हणाला होतास, बरं झालं, घासणाऱ्यांच्या कारखान्यात कानसच शोभते.

मी चाळणीवाला. तुझ्या भट्टीतून निघालेली ढेप पाच दिवस निवायची, मग तिच्यावर लोखंडी गोळा सोडून ती फोडायची, दळायची आणि घासायच्या चाकांसाठी लागणाऱ्या त्या दाण्याची परीक्षा माझ्या खोलीत व्हायची. एकावर एक रचलेल्या पितळी चाळण्या, त्यांना हलवणारं ते यंत्र आणि पोलादी गोळ्यांची फिरती बरणी. जेवायच्या सुट्टीत तू डबा घेऊन माझ्याकडे यायचास, कारण तेवढी एकच खोली गार होती. ‘मी वितळवतो, तू चाळतोस, खातो मात्र तिसराच,’ हे तुझं ठरलेलं वाक्य. तू आलास की इतरही यायचे. कुणाच्या मुलाचं नाव शाळेत घालायचं असो, कुणाचं भावाशी वाकडं असो, ते तुला विचारायचे. माझ्या खोलीत बसून, माझ्या खुर्चीवर बसलेल्या तुला. मी हसत असायचो. कानसेन, हे आज पहिल्यांदा लिहितोय: मला ते टोचायचं. शिकलेला मी होतो, पांढरा कोट माझ्या अंगावर होता आणि मान तुला होता. मी एवढं क्षुद्र मन घेऊन तुझ्या डब्यातलं खात होतो.

भिंतीवरचा माझा तक्ता तुला आठवत असेल. दर वर्षी मी त्यावर खपाच्या दोन रेघा पुढे न्यायचो. लाल रेघ आपल्या भट्टीच्या दाण्याची, निळी बाहेरून येणाऱ्याची. आपल्या धंद्याकडे कुणाचं लक्ष नसतं, पण घरातल्या चमच्यापासून आगगाडीच्या रुळापर्यंत सगळं कुठे ना कुठे घासून निघालेलं असतं. सुरुवातीची वर्षं लाल रेघ चढत होती. ओतकामाचे कारखाने चुलीएवढी जाड चाकं महिन्याला गाडी भरून संपवायचे, कारण ओतलेला प्रत्येक तुकडा खडबडीत निघायचा. मग ओतकाम सुधारलं, तुकडे साच्यातूनच गुळगुळीत यायला लागले. जाड चाकांची मागणी आटली, त्यांच्या जागी पापडासारख्या पातळ कापायच्या चकत्या आल्या. वापरायच्या आणि फेकायच्या. दाणा लागतच होता, उलट जास्त लागत होता, पण चाकवाल्यांना तो स्वस्त हवा होता. आणि समुद्रापलीकडून मोठमोठ्या पोत्यांत असा दाणा यायला लागला, की ज्याच्या भावात आपल्या भट्टीची नुसती वीजही भागली नसती. निळी रेघ वर निघाली. तू घास चावत तक्त्याकडे बघायचास आणि म्हणायचास, ‘लाल बाईला धाप लागलीय रे, तिला जरा चहा पाज.’

मोठे मालक गेले आणि जावईबापू खुर्चीत बसले, ते याच सुमारास. त्यांना भट्टी म्हणजे डोक्याचा ताप वाटायची. पोती उतरवायची, आपला शिक्का मारायचा आणि विकायची, एवढं सोपं असताना आग कशाला पाळायची? पण मोठ्या मालकांनी कामगारांशी करार केला होता: जोवर भट्टीचा दाणा बाहेरच्या दाण्याच्या तोडीस तोड उतरतो, तोवर भट्टी विझवायची नाही. त्या कराराची आठवण तूच सभेत करून दिलीस. टाळ्या पडल्या. ठरलं, की दोन्ही दाण्यांची परीक्षा घ्यायची, आणि घेणार चाळणीवाला, कारण त्याच्यावर दोन्ही बाजूंचा विश्वास.

मी परीक्षा घेतली. एकदा नाही, सहा वेळा. शंभर दाणे बरणीत फिरवले, तर बाहेरचे सहासष्ट शाबूत राहत होते आणि तुझे एकाहत्तर. सहाही वेळा तुझा दाणा वरचढ. ते आकडे मी माझ्या वहीत लिहिले. वहीचं ते पान या पत्रासोबत जोडलंय, माझ्या अक्षरातलं, तारखेसकट. नीट बघ. एकाहत्तर.

दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. चहा मागवला, साखर स्वतः घातली. म्हणाले, पोत्यांचा धंदा वाढला की तपासणीचं मोठं खातं लागेल, त्याला प्रमुख लागेल. आणि भट्टी राहिली तर खर्च कुठेतरी कापावा लागेल, चाचणीला वेगळा माणूस कशाला? मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘नमुना ढेपेच्या कुठल्या भागातून घ्यायचा, हे करारात लिहिलेलं नाहीये, नाही का?’ बस, एवढंच. उरलेलं माझं मीच समजून घेतलं. माझ्याकडे दुसरी नोकरी नव्हती आणि मुलगी आजारी होती, हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. दोन्ही खरं आहे. पण केबिनमधून बाहेर पडताना, नको वाटत असतानाही, मनाच्या एका कोपऱ्यात आलंच की आता बघू, सगळे कुणाच्या खुर्चीभोवती बसतात. ते मी आजवर स्वतःलाही धडपणे सांगितलं नव्हतं.

ढेपेच्या बाहेरच्या अंगाला अर्धवट वितळलेली खपली असते. तिचा दाणा ठिसूळ, लवकर फुटतो. तू ती प्रत्येक वेळी सोलून काढायला लावायचास आणि पुढच्या घाण्याबरोबर पुन्हा भट्टीत टाकायचास. मागच्या अंगणात तिचा ढीग असायचा. मी जेवणानंतर, लख्ख उन्हात, बादली घेऊन त्या ढिगाशी गेलो आणि ती भरली. उचलताना पाठीत कळ आली. तेवढ्यात तू तिकडून येत होतास. ‘खपली कशाला रे?’ असं विचारलंस. मी म्हटलं, बरणी आतून घासायचीय. तू माझ्या हातातून बादली काढून घेतलीस, म्हणालास, ‘पांढऱ्या कोटाने ओझी उचलू नयेत,’ आणि शीळ घालत ती माझ्या खोलीपर्यंत आणून ठेवलीस. तुझ्याच हाताने. मी मागून चालत होतो. त्या तीसचाळीस पावलांत मला कितीदा तरी बोलता आलं असतं.

खपलीचे शंभरातले अठ्ठावन्न दाणे टिकले. अहवालात मी एकही आकडा खोटा लिहिला नाही, हा माझा शहाणपणा. फक्त ‘भट्टीचा नमुना’ एवढंच लिहिलं.

कँटीनमधली ती सभा तुला विसरता आली नसेल. टेबलं भिंतीला लावून सगळे उभे होते. अहवाल मीच वाचला. बाहेरचा सहासष्ट, आपला अठ्ठावन्न. आधी कुणालाच कळलं नाही, मग कळलं आणि गलका झाला. गोळा सोडणारा तो आडदांड ओरडला, की परीक्षा पुन्हा घ्या, नमुना आमच्यासमोर काढा. सगळ्यांनी त्याला उचलून धरलं. परीक्षा पुन्हा झाली असती तर मी पाच मिनिटांत उघडा पडलो असतो. खरं सांगू? त्या क्षणी मला तेच व्हावं असं वाटत होतं. आणि तू हात वर केलास. तू म्हणालास, ‘चाळणीवाल्याने काढलंय म्हणजे बरोबरच असणार. तो माझा माणूस आहे, पण आकड्यात तो बापाचंही ऐकायचा नाही. माल माझाच कच्चा पडला.’ मग तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, जणू मलाच धीर देत होतास. त्यानंतर कोण काय बोलणार? आठवड्याभरात वीज तोडली. त्रेसष्ट माणसं घरी गेली.

तू पुढे काय केलंस ते मला गोळेवाल्याकडून कळलं. भट्टीवरच्या अकरा जणांच्या घरी तू एकटा गेलास आणि दारात उभं राहून माफी मागितलीस. अकराव्या घरानंतर माझ्या घरी आलास. मी आतल्या खोलीत होतो. हिला मी खूण केली, घरात नाही म्हणून सांग. तू तिला म्हणालास, ‘त्याला सांगा, मनाला लावून घेऊ नकोस म्हणावं. मित्राचा निकाल स्वतःच्या तोंडाने वाचायचा म्हणजे सोपं नसतं.’ दाराच्या फटीतून मला तुझी चप्पल दिसत होती. तू गेल्यावर हिने विचारलं, तुम्ही लपलात का? मी म्हटलं, मला वाईट वाटतंय म्हणून. हे उत्तर तिने बावीस वर्षं खरं मानलं.

प्रमुख झालो. सतरा-अठरा वर्षं पोत्यांतून चमचाभर दाणा काढून त्यावर सही केली. माझ्या खोलीत जेवायला कुणी येईना. तक्ता एका सुट्टीच्या दिवशी मीच उतरवला. पुढे जावईबापूंनी कारखाना विकला आणि निघून गेले. त्यांचं काही वाईट झालं नाही, माझंही नाही. मेहुण्याच्या लाकडाच्या वखारीत तू वजनकाट्यावर बसतोस असं कुणी तरी सांगितलं, तेव्हा मी चहा पीत होतो. चहा संपवला.

आता वारं फिरलंय. समुद्रापलीकडच्या भट्ट्या धुरापायी आणि विजेपायी एकेक करून बंद होताहेत. दाणा वेळेवर येत नाही, येतो तो कधी बरा, कधी भुसा. चाकवाले, जे स्वस्त म्हणून तिकडे पळाले होते, तेच आता विचारताहेत की इथला दाणा मिळेल का. गेल्या महिन्यात आपला कारखाना घेतलेली बाई माझ्याकडे आली. स्वतः इंजिनियर आहे, चाळिशीची असेल, बोलायला सरळ. जिना चढून आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, ‘काका, मला भट्टी पुन्हा पेटवायचीय. यंत्रं विकत मिळतात, पण ती चालवलेला माणूस मिळत नाही. कुणी उरलंय का?’ मी तुझं नाव आणि पत्ता दिला. तुझ्याच दुसऱ्या पत्रातला. देताना मला बरं वाटलं, लाज वाटावी इतकं बरं वाटलं. वाटलं, चला, न बोलताच फिटलं.

चार दिवसांपूर्वी ती परत आली. म्हणाली, तुम्ही दोघांनी तिला प्रेमाने बसवलंत, तासभर तू खांबांविषयी, नव्या काट्यांविषयी विचारत राहिलास, डोळे लकाकत होते. आणि कामाचं विचारल्यावर तू म्हणालास, ‘नको बाई. माझा माल कच्चा निघाला होता. माझ्यामुळे त्रेसष्ट घरांची चूल अडली. माझ्या हाती पुन्हा भट्टी देऊ नका.’ निघताना वहिनी तिला फाटकापर्यंत सोडायला आल्या. त्यांनी सांगितलं, की शेवटच्या ढेपेचा एक तुकडा तू खिडकीत ठेवलायस आणि अजून दर रविवारी भिंग घेऊन, उन्हात फिरवून फिरवून, आपलं कुठे चुकलं ते शोधत बसतोस. हे ऐकून मी उठून आत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. मग बाहेर येऊन त्या बाईला आणि हिला, दोघींना समोर बसवून, केबिनपासून सभेपर्यंत सगळं सांगितलं. ही उठून स्वयंपाकघरात गेली आणि त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. बाईने मला सल्लागार नेमायचं ठरवलं होतं, ते मी नाकारलं. उरलेली जुनी माणसं ती शुक्रवारी कँटीनमध्ये जमवणार आहे. तिथे मी हे सगळ्यांसमोर वाचून दाखवणार आहे. गोळेवाला मला मारेल बहुतेक. मारू दे. पण त्यांच्या आधी ते तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र. मला क्षमा कर असं मी लिहिणार नाही, तेवढा निर्लज्ज अजून झालो नाही. उत्तरही देऊ नकोस. फक्त त्या तुकड्यात चूक शोधणं थांबव, त्यात ती नाही. तुझा माल पक्का होता, कानसेन. पहिल्यापासून शेवटच्या ढेपेपर्यंत पक्का होता. भट्टी मी विझवली. सोमवारी ती बाई पुन्हा तुझ्या दारात येईल. तिला हो म्हण.

तुझाच म्हणायचा हक्क गमावलेला,
चाळणीवाला